दोन घनफुटांचे संस्थानिक

सांगली-मिरजेची संस्थानं १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली आणि संस्थानिक ही जमात इतिहासजमा झाली, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात ती टू बीएचकेच्या हॉलमध्ये राहायला गेली आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी, वर झाकण, झाकणात दिवा आणि शेजारी हे गृहस्थ. सोसायटीत त्यांना ‘फिश टँकवाले काका’ म्हणतात. लोक त्यांना मत्स्यप्रेमी समजतात, तिथेच निदान चुकतं. काकांना मासे नको असतात, हद्द हवी असते. घरातल्या पडद्यांचा रंग त्यांनी ठरवलेला नाही, भाजीही नाही आणि टीव्हीचा रिमोट तर नातवाकडे. दिवा कधी लागेल, कधी विझेल, रयतेला कधी खायला मिळेल, हे त्यांच्या एकट्याच्या हुकमावर चालणारं घरातलं एकमेव ठिकाण म्हणजे ही टाकी. शिवाय एकदा भरली की पाण्याचंच वजन पन्नास-पंचावन्न किलो. दिवाळीच्या साफसफाईतही तिला कोणी हलवू शकत नाही. जन्मभर या खोलीतून त्या खोलीत हलवल्या गेलेल्या माणसाला याचं मोल कळतं.

मत्स्यप्रेम नाही, याचा पुरावा मासेच देतात. फार दिवस नाही, आठवडाभर. काका टाकी आणि मासे एकाच संध्याकाळी आणतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला महिना-दीड महिना जातो. एवढा धीर कोणत्या संस्थानिकाला असतो? त्यात रविवारी सगळं पाणी ओतून फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतात, म्हणजे जे चार जीवाणू वस्तीला आले असतील तेही क्लोरीनने जातात. मासे उताणे तरंगायला लागले की दोष पाण्याचा, कामवाल्या बाईंचा किंवा वास्तूचा. आठ लाल आणि एक काळा गोल्डफिश ठेवून बघतात, टाकी ईशान्येला सरकवतात (रिकामी असताना, अर्थात). शेवटी मासे संपतात. खरा मत्स्यप्रेमी इथे एक तर शिकला असता, नाही तर टाकी कुणाला तरी देऊन मोकळा झाला असता. काका म्हणतात, “राहू दे, उपयोगी पडेल.”

आणि पडते. आधी तिच्यात बाग होते. लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला, त्यातून काचपेटी निघाली आणि तसल्याच पेट्यांतून पुढे चीनमधून चहाची रोपं भारतात आली, हे काका प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात आणि टाकीत निवडुंग लावतात. बंद काचेतल्या दमट हवेत निवडुंग सडतो. मग कासव आणायचं ठरतं. पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे मुलगी वेळेवर सांगते, म्हणून तो बेत राहून जातो. गणपतीत टाकीत शाडूच्या मूर्तीचं विसर्जन होतं. कल्पना निर्मळ, पण टाकी पारदर्शक. बादलीत जे झाकून राहतं ते इथे सगळ्या घराला चहूबाजूंनी दिसतं, आणि पुढल्या वर्षी मुकाट बादली येते. मग काही काळ कांदे-बटाटे. पण लक्षात घ्या, बटाट्यांवरही झाकणातला दिवा संध्याकाळी सातला लागतोच.

ही निव्वळ काटकसर आहे, असा एक आक्षेप येईल. पैसे मोजून आणलेली वस्तू टाकवत नाही, त्यात कसलं संस्थान? काटकसरीच असते तर काकांनी ती विकली असती. त्यांनी जाहिरात दिलीही होती, पण किंमत खरेदीपेक्षा जास्त लावली, ती अशासाठी की कोणी घेऊ नये. फुकट मागणाऱ्या भाच्याला ‘काच लीक होते’ असं सांगितलं, होत नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: माशांकडे बघून मन शांत होतं, आणि काकांना तेवढंच हवं असेल. बघणाऱ्याचं होतही असेल. पण काका बघत बसत नाहीत, ते सारखे टाकीत हात घालत असतात. झाड डावीकडचं उजवीकडे, शंख पुढचा मागे, पंपाची नळी वर-खाली. शांती हवी असलेल्या माणसाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली नसते.

अखेर कांद्यांना कोंब फुटल्यावर टाकीची रवानगी बाल्कनीत होते, आणि पावसाळ्यात ती आपोआप भरते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. यथावकाश महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन येतो, आत वळवळणाऱ्या अळ्या दाखवतो आणि म्हणतो, “काका, पाणी ओतून टाका, नाही तर गप्पी सोडा. अळ्या खातात.” पाणी ओतण्याचा पर्याय काकांच्या कानापर्यंत पोचत नाही. पंप किती वॉटचा घ्यावा, असं ते विचारतात. गप्पीला पंप लागत नाही, असं तो सांगतो. फिल्टर? तोही नाही. दिवा? काहीच लागत नाही काका, गप्पी आपले आपण जगतात. काकांचा चेहरा उतरतो. इतक्या स्वावलंबी प्रजेवर राज्य करायचं कसं, हे त्या माणसाला विचारावं का, याचा ते विचार करत असतात, तोवर आतून “अहो, त्यांना टाकीच घेऊन जायला सांगा की” असा आवाज येतो आणि काका घाईघाईने म्हणतात, “द्या हो, वीसेक गप्पी द्या.”