कॉल सोडून सगळं चालतं

चामोर्शीत नवा फोन घेतला असेल, तर या भाऊला आठवडाभर तरी टाळावं. बाकीचे कॅमेरा केवढ्याचा ते विचारतात, हा चिपसेट विचारतो. उत्तर मनाजोगतं आलं तर फोन हातात घेऊन उलटासुलटा पाहतो. नाही आलं, तर ‘असू द्या, काही हरकत नाही’ म्हणत तुमचंच सांत्वन करतो.

त्याचा खरा जीव जुन्या फोनवर. महाशिवरात्रीला अख्खा तालुका मार्कंड्याला जातो, वैनगंगेत उतरताना कुणाचा ना कुणाचा फोन खिशातच राहतो. दुकानदाराने हात वर केलेले असे फोन भाऊच्या ट्रंकेत जमा होतात. मग तो त्यांत लिनक्स घालायला बसतो.

जुन्या फोनांवर लिनक्स चालवणारा पोस्टमार्केटओएस नावाचा प्रकल्प २०१७ साली सुरू झाला. फोन दहा वर्षं वापरता यावा, हा त्याचा हेतू. कंपनी अपडेट बंद करते आणि धडधाकट फोन म्हातारा ठरतो, याचा भाऊला मनापासून राग आहे. त्याचा राग बरोबरच आहे, त्याची पद्धत घरच्यांना झेपत नाही. आधी बूटलोडरचं कुलूप उघडायचं, मग त्या फोनचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शोधायचा. कर्नलचा स्रोत खुला करणं कंपनीवर परवान्याने बंधनकारक असतं, पण ते सगळ्याच कंपन्यांच्या गावी नसतं. मग पडदा कुठे जोडलाय, बटणं कुठे, हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या फायलीत लिहून कर्नलला समजवायचं. कर्नल कंपाइल होत आला की वारा सुटतो, लाइन जाते आणि लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच गेलेली.

तरी एका रात्री फोन जागा होतो. पडदा काळाच, पण केबल लावली की १७२.१६.४२.१ या पत्त्यावरून उत्तर येतं. रात्री दोनला भाऊ आईला उठवतो.

“आई, चालू झाला!”

“फोन लागते का?”

“नाही.”

“मंग का चालू झाला, बापू?”

पुढे पडदा उजळतो, वाय-फाय लागतं. कॉल, कॅमेरा आणि आवाज ‘पुढच्या टप्प्यात’. बाबांनी असा एक फोन घड्याळ म्हणून भिंतीला लावला. तो साडेपाच तास मागे चालला. लिनक्स जागतिक वेळ पाळतं, हे त्यांना समजावण्यात भाऊची दुपार गेली.

चहाच्या टपरीवर मात्र त्याला ऐकावं. बंगळुरूच्या प्राध्यापकांनी आणि अभियंत्यांनी मिळून केलेला सिम्प्युटर त्याला तोंडपाठ आहे. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, २०६ मेगाहर्ट्झचा, वाचता न येणाऱ्या माणसालाही ऐकवता यावं म्हणून बोलणारा. २००४ मध्ये तो अमिडा नावाने विक्रीला आला. “आयफोनच्या तीन वर्षं आधी!” असं म्हणून भाऊ बाकड्यावर थाप मारतो. तो फारसा विकला गेला नाही, हे वाक्य मात्र चहाच्या घोटाबरोबर जातं.

एकच प्रश्न त्याला विचारू नये : “अँड्रॉइडमध्येबी लिनक्सच आहे ना गा?” आहे. कर्नल लिनक्सचाच आहे. पण त्यावरचं भाऊचं उत्तर संपेपर्यंत आष्टीची शेवटची बस निघून जाते.

घरी जुना फोन पडून असेल तर त्याला जरूर द्या, कपाटात राहून त्याचं भलं होणार नाही. देण्याआधी लग्नाचे फोटो तेवढे काढून घ्या. बूटलोडर उघडताना आतलं सगळं पुसलं जातं, आणि भाऊ ते नेहमी नंतर सांगतो.