केसाएवढं भोक

पहिल्या किकला सुरू होणाऱ्या गाडीच्या मालकाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण चोक ओढला की चालणारी आणि चोक आत सारला की मान टाकणारी मोपेड घेऊन चेन्नईत एग्मोरच्या गल्लीत उभे राहा, अख्खी गल्ली वैद्य होते. प्लग बदला. पेट्रोलमध्ये भेसळ असणार. विकून टाका. आमच्या शेजारचे काका निवृत्त रेल्वेवाले, घराणं तंजावरी मराठी. साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात मुरलेले असल्यामुळे माझे दुभाषी तेच, आणि दुभाषेगिरीत स्वतःची दोन मतं घुसवणारेही तेच.

आम्ही मोपेड ढकलत पुदुपेटला नेली. एग्मोर स्टेशनापासून लांब नाही, कूवम नदीच्या काठाला. मोडीत निघालेल्या गाड्या इथे सुट्या होऊन नांदतात: एका दुकानात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसते आरसे, तिसऱ्यापुढे पोत्यावर मांडलेले कार्बोरेटर. 2020च्या एप्रिलपासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं, पण पोत्यावरची गर्दी काही हटलेली नाही.

कार्बोरेटरचं पेटंट बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका यांनी 1893 मध्ये मागितलं. फुलवालीला फुलांवर पाणी फवारताना पाहून त्यांना ते सुचलं, अशी दंतकथा आहे. एग्मोरात मल्लीच्या गजऱ्यांवर पाणी शिंपडणाऱ्या बायका कोपऱ्याकोपऱ्यावर बसतात. बघणारे आम्ही कमी पडलो.

पुदुपेटच्या मेकॅनिकने चोकची तक्रार ऐकली आणि प्लगकडे पाहिलंसुद्धा नाही. चोक हवा अडवतो, त्यामुळे उपाशी इंजिनाला कसंबसं पेट्रोल मिळतं. म्हणजे उपासमार कार्बोरेटरच्या स्लो जेटमध्ये. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळट चिकटा राहतो. वरून स्प्रे मारून "झालं साफ" म्हणणारे पुष्कळ असतात. गाडी दोन दिवस बरी चालते आणि मग पुन्हा आहेच.

याने मात्र सगळं खोललं. खालची वाटी, फ्लोट, त्याची बारीक पिन, मेन जेट. एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आवळून किती आटे बसतात ते मोजलं. स्प्रेने फुगतात म्हणून रबरी रिंगा आधीच बाजूला. काकांनी मदत म्हणून तारेचा तुकडा पुढे केला, तेव्हा मेकॅनिक दचकला. पितळ मऊ असतं, तार घातली की भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल ढोसत बसते. त्याने स्प्रे मारला, हवा मारली, जेट उन्हाकडे धरून एक डोळा मिटला. परत भिजवला. पुन्हा हवा. तिसऱ्या खेपेला पलीकडचा उजेड गोल दिसला, तेव्हा कुठे त्याने पाना उचलला.

चोक न ओढता मोपेड सुरू झाली आणि सुरूच राहिली. काकांनी खिशात हात घालण्याआधी चौकशी केली, "तंबी, नवीन काय टाकलं?"

"काही नाही, सार."

"मग पैसे कसले?"

त्याने चिंधी पुढे केली. तिच्यावर मोहरीच्या चतकोराएवढा कचरा. काकांनी चष्मा सारखा केला. एवढ्याशा कचऱ्याला एवढे पैसे?

"परत आत घालू का, सार?"

याचं भाषांतर करायची काकांना गरज वाटली नाही. मी पैसे दिले.