पाच इंची फियाट

रायगडात गाडीला एमएच-०६ मिळवायचं तर पेणच्या आरटीओत जावं लागतं. माझी पहिली गाडीही पेणलाच मार्गी लागली. फक्त ती १२.४ सेंटिमीटर लांब आहे आणि तिच्यासाठी कर्ज काढावं लागलं नाही.

तामिया या जपानी कंपनीचा फियाट ५०० एफचा १:२४ प्रमाणातला संच. मूळ गाडी २.९७ मीटरची, तिला २४ने भागा. रोह्याला घरी खोकं उघडलं तेव्हा पहिला आक्षेप वडिलांचा. त्यांची फियाट म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली. "ही फियाट? हिचं इंजिन कुठाय?" मागे, डिकीच्या जागी. पुढच्या बॉनेटखाली पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. वडिलांनी चष्मा पुसला, नकाशा बघितला आणि म्हणाले, "कागद उलटा धरलायस."

धाटावच्या रासायनिक कारखान्यांशेजारी नांदणाऱ्या रोह्यात थिनरच्या वासाला कोण विचारतो? आईने विचारलं. त्यामुळे रंगकाम मागच्या पडवीत, आणि पडवीबाहेर आषाढ. दमट हवेत लॅकर फवारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ रंगावर बसते आणि चकाकी जाते. माझी लाल फियाट भस्म फासल्यासारखी दिसू लागली. शेजारच्या काकूंनी तर हात जोडले.

शेवटी आईच म्हणाली, "मामाकडे घेऊन जा." मामाचा पेणला गणपतीचा कारखाना. गाडी खोक्यात, खोकं मांडीवर, मी रोहा-दिवा मेमूमध्ये. नागोठण्याला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं, "मूर्ती का?" मी 'हो' म्हटलं नव्हतं, पण 'नाही' म्हणेपर्यंत डब्यातल्यांनी सरकून जागा करून दिली होती. पाय लांब करून बसलो. आजोबा मात्र कासूपर्यंत विचारात. गणपती पेणहून रोह्याला येतात, हा पोरगा उलटा कुठे निघालाय?

श्रावणातला पेणचा कारखाना म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. परदेशी जायच्या मूर्ती केव्हाच बोटीवर चढलेल्या, आता मुंबई-पुण्याची घाई. मामाने गाडी हातात घेतली, छपराच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "साच्याचा सांधा घासलेला नाही." प्लास्टिक असो की प्लास्टर, दोन साचे जुळतात तिथे रेघ उठते. ती खरवडून, लांबी भरून, पॉलिश पेपर मारल्यावरच अस्तर. मामाने ते चारचौघांत, मोठ्याने सांगितलं. मग हॅलोजनखाली सगळं कोरडं करून, कॉम्प्रेसरची गन लांब धरून हलके हात मारायला लावले. "देवाच्या पोटावर ओघळ चालत नाही, तुझ्या दारावर कसा चालेल?"

खरी फजिती काचेभोवतीच्या काळ्या रबरी कडेची. मी मास्किंग टेप बारीक कापून, चिमट्याने चिकटवून, श्वास धरून बसलो होतो. कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे एक काका आहेत, ते इतर काहीही रंगवत नाहीत. चहा पिता पिता त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, कप खाली ठेवला, बारीक ब्रश उचलला आणि एका दमात पुढची काच, मागची काच, दोन्ही बाजू. टेप न लावलेल्या. मग कप उचलला. चहा अजून गरम होता.

तरीही मी म्हणत होतो, अजून आरसा, अजून वायपर, अजून थोडी चकाकी. मॉडेलवाल्यांच्या माळ्यांवर अर्धवट गाड्यांचे डबे साचतात ते उगीच नाही. त्यांना चतुर्थी नसते. इथे मामाने बजावलं, "हरितालिकेआधी टेबल रिकामं पाहिजे. त्यावर लालबागवाल्यांचे उंदीर ठेवायचेत." वायपर बसले, आरसा बसला, नंबरप्लेट बसली. वडखळ नाक्यावरच्या वाहतूक कोंडीचा देखावा करून त्यात गाडी ठेवायचा माझा बेत होता. मॉडेल हलत नाही हे कोणाला खटकलंच नसतं. पण मामाने घड्याळ दाखवलं.

गाडी मूर्तींच्या फळीवरच वाळत होती, तेवढ्यात अलिबागचं एक गिऱ्हाईक आलं. सोबतच्या पोराने नेमकं बोट ठेवलं, "बाबा, गाडीतला बाप्पा." वडिलांनी भाव विचारला. हा नमुना आहे, असं मी तोंड उघडून सांगायच्या आत मामाने वही काढली होती. "पुढच्या वर्षी. एक फुटी. आगाऊ रक्कम आज." मग पावती फाडता फाडता माझ्याकडे वळून हळूच, "काय रे, हिचं छप्पर उघडतं का?"

खऱ्या गाडीचं कापडी छप्पर मागे गुंडाळता येतं, असं मी सांगितलं.

"मग मुकुटाचं मिटलं," मामा म्हणाला, आणि मला प्रमाण काढायला बसवलं.