नऊ तारखेचं बाकडं

गरोदरपण हा मुळातच थांबून राहण्याचा कार्यक्रम. त्याची मुदत काढायचा हिशेब फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे यायचं आणि वर्ष पुढचं लिहायचं. झाली तारीख! एकूण दिवस २८०. आमच्या सिस्टरबाई हे गणित समोरच्या भिंतीकडे बघत, ओठांतल्या ओठांत करतात आणि कार्डावर तारीख लिहून मोकळ्या होतात. जिने २८० दिवस पदरात घेतलेत, तिला दवाखान्यातल्या दोन-तीन तासांचं काय एवढं, असा सगळ्या व्यवस्थेचा समज असावा.

आमच्या शेलूबाजारला, आणि तसं देशभरच, या थांबण्याची एक ठरलेली तारीख आहे: महिन्याची नऊ. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. महिने नऊ, म्हणून तारीखही नऊ. सरकारी कागदांत इतकी हौशी कल्पना क्वचितच सापडते. नऊला रविवार किंवा सुटी आली तर काम दुसऱ्या दिवशी. आमच्याकडच्या बायांच्या तोंडी अभियानाचं लांबलचक नाव काही बसलं नाही. त्या नुसतं “नऊ तारीख हाये” म्हणतात आणि घरच्यांना सगळं समजतं.

मी कोणाची ना कोणाची सोबतीण म्हणून जात असते. कधी सून, कधी भाची, कधी शेजारच्या घरची लेक. घरात थोडं रिकामं दिसणारं माणूस सोबतीला धाडायचं, अशी रीत आहे. त्यामुळे मंगरुळपीर, वाशीम, अकोला अशा बऱ्याच ठिकाणची बाकडी मी बसून पाहिली आहेत. कोणत्या दवाखान्याचं बाकडं डगमगतं आणि कोणत्या संडासाला आतून कडी नाही, हे मला तोंडपाठ आहे. नावं घेत नाही. आमच्या गावाजवळ समृद्धी महामार्गावर चढायला-उतरायला जागा आहे आणि तिथून मोटारी ताशी १२० किलोमीटरने जाऊ शकतात. वनोजा-तऱ्हाळ्याकडून ऑटोत दाटीवाटीने आलेली बाई मात्र सकाळी नऊला केसपेपर काढते आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं तरी दोन नंबरांचीच मजल मारून असते.

“डॉक्टरीनबाई आल्या काय वं?”

“येऊन राह्यल्या म्हणते.”

हा संवाद दर अर्ध्या तासाने नव्याने होतो आणि कोणालाच त्याचा कंटाळा येत नाही.

इतकं बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की दवाखान्यातलं थांबणं सगळं एका जातीचं नसतं. काही थांबणं औषधाचाच भाग असतं. ते कोणी टाळू नये. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं लागतं, ते यातलंच. धावत-पळत आलेल्या, वर “माहा नंबर व्हता” म्हणून भांडून दमलेल्या बाईचं बीपी चढलेलंच निघणार. मग तिला पुन्हा बसवतात, म्हणजे भांडण करून वाचवलेला वेळ जागच्या जागी खर्च होतो.

साखरेची तपासणी तर निव्वळ बसण्याचीच परीक्षा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा त्याहून वर आली, तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशीपोटी येण्याची अट नाही, ही त्यातली दया. पण अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर सगळं दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. त्यामुळे पहिला अर्धा तास सगळं बाकडं तिच्याबरोबर घड्याळाकडे बघत असतं. कोणी पदराने वारा घालते, कोणी “बोलू नको, डोळे मिटून घे” म्हणते. अर्धा तास पार पडला की जिंकल्यासारखं हसू पसरतं. नंतरचा दीड तास कोणी मोजत नाही.

सोनोग्राफीचं थांबणं आणखी न्यारं. सुरुवातीच्या महिन्यांत सांगतात, पोटभर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. भरलेली लघवीची पिशवी आतड्यांतली हवा बाजूला सारते, ध्वनिलहरींना खिडकी मिळते आणि गर्भ नीट दिसतो. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली हे तंत्र जगापुढे मांडलं, तेव्हा पोलादातल्या भेगा शोधणारी यंत्रं त्यांनी बायांच्या पोटासाठी कामाला लावली होती. पोलादाला लघवीला लागत नाही. आमच्या पोरीला लागते, आणि आत लाइन गेलेली असते. अशा वेळी समोरच्या भिंतीवरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी वाचावी, परत वाचावी. अशा तपासणीला आवर घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला, हे मी अशाच एका दुपारी सोबतच्या पोरीला सांगत होते. ती म्हणाली, “मामी, हे मंग सांगा. आता मले हसवू नका, बोलवूही नका.”

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तर बाळच थांबायला लावतं. पाठ फिरवून झोपलं, चेहरा दाखवेना, की आतून हुकूम येतो: जरा फिरून या, काहीतरी गोड खाऊन या. मग पेढ्याची, नाहीतर रसाची लाच द्यायची. लहानपणापासून कोणाचं ऐकायचं नाही, हा गुण घरात कोणाकडून आला, यावर सासर आणि माहेर यांच्यात तिथल्या तिथे चर्चा होते.

हे झालं कामाचं थांबणं. दुसरं थांबणं नुसतंच गैरसोयीचं असतं: एकच वजनकाटा, एकच खिडकी, आणि सगळ्यांना एकच वेळ. नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने दवाखान्यांतल्या रांगांचा अभ्यास करून १९५२ सालीच यावर तोडगा सांगितला होता. सुरुवातीला दोन रुग्ण हजर ठेवावेत आणि पुढे एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला बोलवावं. गणित बिनतोड आहे. फक्त त्यात डॉक्टर वेळेवर येतात असं गृहीत धरलेलं आहे, आणि ऑटो भरल्याशिवाय निघत नाही हे बेलीला कोणी सांगितलं नव्हतं. तरी निदान गावं वाटून सकाळचे आणि दुपारचे असे दोन गट करायला काय हरकत आहे? त्याला ना निधी लागतो ना मंत्री.

जितकं पोट मोठं तितक्या फेऱ्या जास्त, हाही एक जुना पायंडा. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९२९ साली वेळापत्रक आखलं: १६, २४ आणि २८ आठवडे, मग पंधरवड्याला आणि ३६ आठवड्यांनंतर दर आठवड्याला. त्याला कारण आहे, बीपी शेवटी-शेवटीच दगा देतं. पण जिला बसल्यावर उठवत नाही आणि उठल्यावर बसवत नाही, तिलाच सगळ्यात जास्त बाकड्यावर बसवायचं, हा योग मोठा मजेचा.

मात्र बाकड्यावर नुसतं बसलं जातं असं कोणी समजू नये. तिथे शाळा भरते.

“कितवा वं?”

“सातवा सरला, आठवा लागला.”

“मंग पोट लय दिसत नाई. खातपीत नाई काय?”

“खातो ना माय, पण रायते कुठी पोटात!”

या प्रस्तावनेनंतर सगळे विषय निघतात. रक्त किती भरलं, लाल गोळीने मळमळते तर रात्री जेवणानंतर घ्यावी काय, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर तिकडे वावरात सोयाबीन काढायला माणसं नाहीत, पैसे खात्यात आले काय. दुसरटकरीण पहिलटकरणीला कळा कशा ओळखायच्या ते हातवारे करून सांगते. समोरचा शिपाई त्या वेळी छताकडे बघतो.

या शाळेत खरं-खोटं एकाच फळ्यावर लिहिलं जातं, हीच अडचण. “गोळी चहासंगं घेऊ नको, लागू पडत नाई,” हे सांगणारी बाई अगदी बरोबर सांगते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, हेही कोणाला तरी माहीत असतं. पण तिसरी लगेच सांगते की लाल गोळ्यांनी लेकरू काळं होते. झालं, घरी गेल्यावर १८० गोळ्यांचा कोटा फडताळात पडून राहतो आणि पुढच्या नऊ तारखेला रक्त होतं तिथेच असतं. खोटं खोडायला तिथे कोणी शिकलेलं बसलेलं नसतं, कारण शिकलेली माणसं दाराच्या आत असतात. आशाताई असतात, पण त्यांच्या हातात रजिस्टर असतं आणि ते पोटुशी बाईपेक्षा जड.

झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने बायांचे असे गट मुद्दाम बसवले. महिन्याला एक बैठक, चित्रांचे खेळ, गोष्टी, आपल्या अडचणी आपणच मांडायच्या आणि उपाय शोधायचे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: जिथे गट होते तिथे नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. यंत्र नाही, इमारत नाही, नुसतं बायांचं बोलणं, पण नीट दिशा दिलेलं. अमेरिकेत शॅरन रायझिंग या परिचारिकेने तर तपासणीच गटात सुरू केली. बाया आपलं वजन आणि बीपी आपणच नोंदवतात, गोल बसून बोलतात, बाहेर ताटकळत बसावंच लागत नाही. आमच्याकडे गोल आहे, बोलणं आहे, बाया आहेत. सिस्टरबाईंनी सकाळची पंधरा मिनिटं आतली खुर्ची सोडून त्या बाकड्यावर काढली, तर बाकीचं आपोआप होईल.

राहता राहिले पुरुष. ते लिंबाखाली गाडीवर बसून मोबाइल बघतात. बायको बाहेर आली की विचारतात, “काय म्हणलं डॉक्टरनं?” ती म्हणते, “काई नाई, चांगलं हाये.” अख्ख्या सकाळचा एवढाच अहवाल. भाऊ, पुढच्या वेळी आत या. कार्डावरचा बीपीचा आणि रक्ताचा आकडा स्वतः वाचा. कार्डावर लाल टिकली लावली असेल तर ती शोभेची नाही. तिचा अर्थ बाळंतपण जोखमीचं आहे, गाडी आणि पैसे आधी तयार ठेवा. येताना पाण्याची बाटली, भाकर, गूळ-शेंगदाणे आणा. बाकड्यावर जागा मिळाली तर ती तुमच्यासाठी नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि बायांनो, रांग सगळ्या वेळी पाळायची नसते. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, फार डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहरा-हात सुजणं, झटके येणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर नंबराची वाट बघू नका. दार वाजवा आणि सरळ आत जा. मागच्या बाया रस्ता देतात, मी पाहिलं आहे. घरी असाल तर नऊ तारखेची वाट न बघता १०८ ला फोन करा.