वॅट भरपूर, वाढपी कमी

संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या खोक्यावर 750 वॅट असं ठसठशीत छापलेलं दिसलं की माणसाला जी निश्चिंती वाटते, ती एरवी फक्त मुदतठेवीच्या पावतीनं वाटते. ग्राफिक्स कार्ड 450 वॅटचं, प्रोसेसर आणि बाकीचं किडूकमिडूक मिळून 200. वर 100 उरतात, म्हणजे संसार शिलकीत. हिशेब चोख आहे, पण तो भटारखान्यातला आहे, पंगतीतला नाही. 500 पानांचा स्वयंपाक तयार असला तरी जिलेबी वाढायला एकच वाढपी असेल, तर शेवटच्या पानावरचा पाहुणा उपाशी उठतो आणि वाढप्याची कंबर जाते. कॅबिनेटच्या आत कंबर जाते ती तारेची आणि पिनेची, आणि तिथे आयोडेक्स चालत नाही.

आता या वाढप्यांची ताकद पाहा. मदरबोर्डावरच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळावेत असा नियम आहे, आणि त्यातलेही 12 व्होल्टवर 66च. सहा पिनांच्या प्लगाचे आणखी 75, आठ पिनांच्या प्लगाचे 150. हे आकडे शोभेचे नाहीत. 2016 साली एएमडीचं आरएक्स 480 कार्ड स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतं असं मोजणीत दिसलं, तेव्हा कंपनीला नवा ड्रायव्हर काढून त्याला आवर घालावा लागला. बनवणाऱ्याची ही तऱ्हा, तर बाजारात मिळणाऱ्या अडॅप्टरबद्दल काय बोलावं? हार्डडिस्कसाठी असलेला साटा प्लग 12 व्होल्टवर 4.5 अँपिअर, म्हणजे 54 वॅट देतो. त्याला आठ पिनांचं तोंड जोडून 150 मागणं म्हणजे बालवाडीतल्या पोराच्या डोक्यावर लग्नाचं पातेलं देणं. ‘पण बसतं की बरोबर!’ हा यावरचा लाडका युक्तिवाद. बसतं, खरंय. एका कंपनीच्या एसएमपीएसची सुटी केबल दुसरीच्या एसएमपीएसमध्येही कधीकधी बसते, मात्र त्या टोकाच्या पिनांचा क्रम सगळीकडे एकच असेल याची हमी नाही. नको त्या पिनेवर 12 व्होल्ट गेले की कार्ड परत बोलत नाही.

कोणी म्हणेल, जास्त भार आला तर एसएमपीएस आपोआप बंद पडतोच की. पडतो, पण तो बघतो एकूण प्रवाह. एकट्या पिनेचं दुःख त्याला कळत नाही. 16 पिनांच्या नव्या प्लगातून 600 वॅट न्यायचे तर 50 अँपिअर 12 व्होल्टच्या सहा पिनांत वाटले जातात, प्रत्येकीच्या वाट्याला आठाहून थोडे जास्त. दोघींनी अंग चोरलं की उरलेल्या चौघींवर साडेबारा. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे दुपटीहून जास्त. एकूण बेरीज मात्र तीच, त्यामुळे एसएमपीएस आपला मजेत. 2022च्या अखेरीस आरटीएक्स 4090चे प्लग वितळू लागले, तेव्हा एनव्हिडियानं प्लग पूर्ण न बसवल्याचं कारण दिलं. ते खोटं नसेलही. पण पुढे त्याच प्लगाच्या इशारा देणाऱ्या पिना आखूड केल्या गेल्या, अर्धवट बसला तर कार्डाला कळावं म्हणून. चूक करणं इतकं सोपं होतं, तर दोष एकट्या वापरणाऱ्याचा कसा?

‘मग सरळ 1200 वॅटचा घेऊ’ या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. कार्डं क्षणभर भलतीच उसळी मारतात. म्हणूनच 2022च्या एटीएक्स 3.0 नियमांनी एसएमपीएसनं 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा असं सांगितलं. भटारखाना मोठा हवाच, पण त्यानं वाढपी वाढत नाहीत. शिवाय नामांकित कंपन्यांच्या बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये एसएमपीएसचा आकार आणि प्लग घरचेच असतात, बाहेरचा सोयरा तिथे चालत नाही. अशा घरात 70 वॅटची आरटीएक्स ए2000 सून बरी. स्लॉटमध्ये मिळेल तेवढ्यात भागवते, वेगळी केबल मागत नाही.

तरीही मोठंच कार्ड हवं असेल, तर आधी भिंतीवरच्या सॉकेटमधून वायर काढा. दोन आठ-पिनी तोंडांना एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबली ओढा, एकाच केबलीचं दुतोंडी शेपूट नको. आणि 16 पिनांचा प्लग दाबल्यावर बॅटरीच्या उजेडात चारी बाजूंनी पाहा. केसाएवढी जरी फट दिसली, तरी झाकण लावू नका.