जिलब्या, वरात आणि लुळे पाय

"काकू, पहाटे तुमच्या दारात ॲम्ब्युलन्स होती ना? जीव नुसता उडाला माझा."

"अगं, राहुरीचा भाचा. काल सावेडीच्या लग्नात जिलब्या चेपल्या, वरातीत नाचला आणि इथंच झोपला. पहाटे उठतोय तर पाय हलेनात! शुद्धीवर, बोलणं नीट. ताईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या."

"लकवा?"

"आम्हालाही तेच वाटलं. पण रक्तात पोटॅशियम पार तळाला. डॉक्टरीणबाईंनी हात पुढं करायला लावले, तर बोटं थरथरत होती, नाडी पळत होती. थायरॉईड तपासलं, ते निघालं जास्तीचं. वजन कधीचं उतरत होतं; आम्ही म्हणायचो, जिमला जातो!"

"थायरॉईड तर बायकांचं दुखणं. मीच रोज उपाशीपोटी गोळी घेते."

"तुझं कमीचं गं. बायकांना थायरॉईड जास्त, पण हा पाय जायचा प्रकार बहुतेक पुरुषांनाच, त्यातही आपल्या आशियातल्या."

"पण गळ्यातल्या ग्रंथीचा पायाशी काय संबंध?"

"माझी लेक लोणीला नर्सिंगला आहे ना, तिनं फोनवर तासच घेतला. पेशीच्या आवरणात म्हणे पंप असतात. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. विहिरीवरच्या मोटरीसारखं, फक्त ह्यांना लोडशेडिंग नाही. डेन्मार्कच्या येन्स स्कौनी १९५७ साली हे मांडलं, नोबेल मिळालं १९९७ ला. बिचारा चाळीस वर्षं थांबला! थायरॉईडचं संप्रेरक हे पंप वाढवतं. त्यांना ऊर्जा लागते, म्हणूनही अंग तापतं, वजन उतरतं. तुझ्याकडं पंप थोडे, म्हणून तू मार्चातही शाल घेतेस."

"आणि जिलबी?"

"गोडानं इन्सुलिन वाढतं, ते पंपांना आणखी रेटतं. नाचून दमलेला गडी आडवा झाला की पोटॅशियम भराभर स्नायूंच्या पेशींत शिरतं, रक्तात उरत नाही. मग मेंदूनं कितीही हुकूम सोडले तरी स्नायू ऐकत नाही."

"मग सलाईनमधून भरलं असेल भरपूर?"

"भरपूर नाही गं! शरीरातलं गेलेलं नसतंच ते, पेशीत दडलेलं असतं. नंतर आपोआप बाहेर येतं. आधीच जास्त भरलं तर हृदयाला धोका. थोडं थोडंच दिलं, दुपारी उठून चालायला लागला."

"त्याची सुपारी फुटायची आहे ना? मुलीकडं कळलं का?"

"मीच सांगितलं. थायरॉईड ताब्यात आलं की हे झटके थांबतात, तेही सांगितलं. ताई रुसलीय माझ्यावर."

"अन् ते काय म्हणाले?"

"मुलीची आई म्हणाली, आमच्या फडताळात थायरॉईडच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या आहेत, चौथी ठेवायला जागा करू."