हवा फुकट, खांब आपला

2005 च्या जानेवारीत सरकारने हवेचा एक पट्टा फुकट देऊन टाकला. 2.4 गिगाहर्ट्झचा, घरातलं वाय-फाय ज्यावर चालतं तो. परवाना नको, फी नको. अट मात्र होती: अँटेना अधिकृत इमारतीच्या छपरापासून पाच मीटरच्या आत हवी. नियम लिहिणाऱ्या साहेबांनी कोकण नकाशात पाहिलं असावं, माडासकट पाहिलेलं नसावं. चिपळूणजवळच्या सावर्ड्यातल्या कौलारू घराचं छप्पर अधिक पाच मीटर म्हणजे परसातल्या माडाच्या जेमतेम कमरेपर्यंत. आणि माड कितीही जुना असला तरी तो काही अधिकृत इमारत नव्हे.

तरीही गावकीच्या बैठकीत अधूनमधून एखादा उत्साही उठतो आणि म्हणतो, कंपन्यांची मिजास कशाला, आपलंच जाळं विणू! घराघरावर एक राउटर, या घराने त्या घराला द्यायचं, मालक कोणी नाही, बिल कोणाला नाही. ऐकायला झकास. स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या खेड्यांनी 2004 पासून ‘गिफी डॉट नेट’ या जाळ्यातून हे करून दाखवलं आहे, पस्तीस हजारांवर नोड जोडलेत. आणि सावर्ड्याला तर परंपराच आहे. शिमग्याच्या होल्टे होमात दोन्ही बाजूंनी पेटती लाकडं एकमेकांवर भिरकावतात, मध्ये ना कंपनी ना सर्व्हर.

पण होल्टा समोर पोचतो की नाही हे डोळ्यांना दिसतं. वाय-फायचं तसं नाही. समोरच्या वाडीचं छप्पर दिसलं म्हणजे काम झालं, असं वाटतं तिथेच पहिली फसगत. रेडिओची लहर वाटेत फुगते. पाच किलोमीटरच्या अंतरात, 2.4 गिगाहर्ट्झवर, अगदी मध्यावर तिचा फुगवटा वरखाली साडेबारा-साडेबारा मीटर. त्यातला निदान साठ टक्के मोकळा लागतो. मेमध्ये हा मोकळा सापडतो, कारण ऐन-किंजळ तेव्हा बोडके असतात. सगळे सर्व्हे मेमध्ये होतात, कारण सुट्टीही तेव्हाच असते. जुलैत त्याच झाडांना पानं येतात, पानांवर पाणी येतं आणि सिग्नल पलीकडे जाईपर्यंत झाडंच तो पिऊन टाकतात.

मग म्हणाल, मध्ये आणखी एका घरावर राउटर टाकू. टाका. एकच रेडिओ असलेला राउटर आधी ऐकतो, मग बोलतो. दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून दर टप्प्याला वेग साधारण निम्मा. हमरस्त्यालगतच्या वाडीला 40 मेगाबिट मिळाले तर पुढच्या वाडीला 20, त्यापुढे 10, आणि कोंडाच्या टोकाला 5. तेही शेवटच्या घरातला पोरगा क्रिकेट बघत नसेल तर. शिवाय घरगुती राउटर उत्तराची वाट काही मायक्रोसेकंदच पाहतो. उत्तराला जाऊन यायला दर किलोमीटरला पावणेसात मायक्रोसेकंद लागतात. अंतराची सेटिंग बदलली नाही तर निरोप पोचलेला असतो, पोच वेळेत आलेली नसते आणि राउटर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. सरकारी कचेरीत नोकरी लागली असती त्याला.

मग वानर. डिशच्या दांडीला एकदा लोंबकळलं आणि तिचं तोंड दोन अंशांनी फिरलं की पाच किलोमीटरवर नेम पावणेदोनशे मीटर चुकतो. या वाडीचं इंटरनेट त्या डोंगरावरच्या काजूंना मिळतं. मग वीज. मिरगाच्या आधीचा गडगडाट सुरू झाला की जवळपास कुठेही पडलेल्या विजेचा झटका छपरावरच्या केबलीतून सरळ घरात उतरतो. अर्थिंग करा म्हणतात. जांभ्यात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून पाहा. जांभा पावसाळ्यात पाणी धरत नाही आणि उन्हाळ्यात ते त्याच्याकडे नसतंच.

पालघरात आयआयटी मुंबईच्या मंडळींनी झाडांचं हे दुखणं ओळखलं होतं. ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात त्यांनी खामलोली परिसरात टीव्हीसाठी राखलेला 470 ते 590 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरून पाहिला. लहर लांब असली की झाडीतून वाट काढते, आणि या पट्ट्यातलं दूरदर्शन वापरतं ते थोडंच. बाकी रान मोकळं. प्रयोग चालला. परवाना मात्र प्रयोगापुरताच. पुढे पंचवीसेक गावांचा विस्तार 5.8 गिगाहर्ट्झवर करावा लागला. 2017 मध्ये मोझिलाने त्यांना सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस दिलं. तात्पर्य सरकारी आहे: झाडांतून जाणारी हवा दप्तरात पडून, झाडांना अडणारी जनतेला फुकट.

आणि समजा, हे सगळं जमवलं. जाळ्यात इंटरनेट कुठून ओतणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शंभर घरांचं विकेंद्रित जाळं शेवटी एकाच फायबरला लटकतं, आणि तो फायबर मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने जातो. या महामार्गाचं चौपदरीकरण किती वर्षं चाललंय ते कोकणी माणसाला सांगायला नको. जेसीबीचं एक फावडं आणि विकेंद्रीकरण संपलं. 2020 च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ने टपरीवाल्यालाही परवान्याविना वाय-फाय विकायची मुभा दिली, हे चांगलंच झालं. फक्त त्या विकेंद्रित योजनेतही एक मध्यवर्ती नोंदवही आहेच. आपल्याला त्याशिवाय झोप येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे जाळं इंटरनेट फुकट मिळावं म्हणून विणू नये. त्यासाठी विणाल तर पहिल्याच पावसाळ्यात कंपनीचं सिमकार्ड घ्याल. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली, वीज गेली, मोबाइल गेले, आणि इथल्या माणसांना तिथली माणसं जिवंत आहेत की नाही ते कळेना. त्या दिवशी कोणाला यूट्यूब नको होतं. छपराछपरावरून ‘आम्ही वर आहोत, बोट पाठवा’ एवढे पाच शब्द गेले असते तरी पुरे होतं. त्याला फायबर लागत नाही, वेग लागत नाही. वाटेतले राउटर जागे लागतात. दहा वॅटचा राउटर यूपीएसच्या चिमुकल्या बॅटरीवर सात-आठ तास टिकतो. इन्व्हर्टरची 150 ॲम्पिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरली तरी तीन दिवस निघतात. सोलर पॅनेल लावायचं तर खुशाल लावा, पण जुलैतल्या कोकणात त्याच्या भरवशावर राहू नका.

तेव्हा आधी सावर्डं सावर्ड्याशी जोडा. दवाखाना, शाळा, ग्रामपंचायत आणि उंचावरची चार घरं. सह्याद्री शिक्षण संस्थेची पोरं गावात आहेतच, त्यांना हाताशी धरा. आणि सर्व्हे भर पावसात, जुलैत करा. मेमध्ये दिसलेली वाडी हिशेबात धरू नका.